हिरव्या शाईतली मतं

पुण्यात वाढलेल्या माणसाला एखाद्या गोष्टीवर मत नाही, असं सहसा होत नाही. ज्या गोष्टीची फारशी माहिती नसते तिच्यावर तर ते जरा जास्तच ठाम असतं. मी त्यातलीच. नोकरीसाठी बंगळूरला आले तेव्हा माझ्याबरोबर दोन बॅगा, एक कुकर आणि एक खोकं भरून मांगा होती. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. पुस्तक उजवीकडून उघडायचं आणि चौकटीही उजवीकडून डावीकडे वाचायच्या. आई म्हणाली होती, "ही कार्टूनं तिकडे कशाला नेतेस, लग्नाचं वय झालं तुझं." त्यावरही माझं मत होतं, पण ते इथे नको.

हे मी हसत हसत सुरू करतेय, कारण पुढे जे सांगायचं आहे त्याची लाज वाटते. दोन वर्षं मी दुसऱ्या एका बाईची मतं माझी म्हणून सांगितली, लिहिली आणि त्यांवर टाळ्याही घेतल्या. त्या बाईंना मी अक्का म्हणते. त्या मला मनातल्या मनात काय म्हणत असतील ते विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

अक्का बंगळूरच्या चामराजपेटेत बुक बायंडिंगचं दुकान चालवतात. घराणं मराठी, पण इथे येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही धड सांगता येत नाही. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि तोंडात दोन्हींची सरमिसळ. शाळा कन्नड माध्यमाची. इंग्रजी त्या अक्षर लावत लावत वाचतात, बोलायला मात्र धजत नाहीत. वय पन्नाशीच्या पुढे, यजमान गेलेले, मुलगी लग्न होऊन म्हैसूरला. दुकानात वकिलांच्या फायली, कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्ट आणि देवळातल्या पोथ्या यांचे ढीग, आणि त्या ढिगांच्या मधोमध खळीचा डबा घेऊन अक्का.

माझ्या लाडक्या मालिकेच्या तिसऱ्या भागाची पानं सुटली म्हणून मी तिथे गेले. मालिका एका लहान गावातल्या सार्वजनिक न्हाणीघराची आहे. आई वारलेली, दोघी बहिणी ते चालवतात, आणि गिऱ्हाईक वर्षागणिक कमी होत चाललेलं. फोनवर मी आईशी बोलत होते ते ऐकून अक्का म्हणाल्या, "मराठी काय तुम्ही? सरी, बरं, ठेवून जा. शनिवारी या."

शनिवारी पुस्तक हातात आलं ते घट्ट, देखणं आणि संपूर्ण उलटं. छापणाऱ्याचीच चूक झाली आहे असं समजून अक्कांनी पानं आकड्यांप्रमाणे लावली होती आणि आपल्याकडच्या पुस्तकासारखी डाव्या कडेला शिवली होती. समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून जे एक मोठं चित्र असायचं, त्याचे दोन अर्धे आता एकमेकांकडे पाठ करून बसले होते. मी चिडले. पुणेरी चिडणं म्हणजे आवाज न चढवता समोरच्याला तो किती अडाणी आहे ते समजावून सांगणं. ते मी पाच मिनिटं केलं.

"उलटं होतं म्हणून सुलटं केलं की गं," अक्का म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने मी एव्हाना 'तुम्ही'ची 'तू' झाले होते. मग त्या एकेक पान उलटत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "स्वल्प थांब. हे उसवून परत नीट करून देते. पण आठ दिवस लागतील. मला बघायचंय हे."

आठ दिवसांनी त्यांनी पुस्तक माझ्यापुढे उघडून ठेवलं. "ह्या दोघी भांडल्या की बघ, एक ह्या पानावर असतीय, एक त्या पानावर. शिवण मधे. समेट झाला की दोघी एका पानावर. आणि आई कुठं आहे ते सांग बघू."

मी तो भाग निदान दहा वेळा वाचला होता. म्हटलं, आई तर गोष्ट सुरू व्हायच्या आधीच वारली आहे. अक्कांनी दोन्ही अंगठ्यांनी पुस्तक मधोमध रुंदावलं. पान जिथे कधी पुरतं उघडत नाही, त्या शिवणीच्या खोबणीत, वाफेमध्ये एक पाठमोरी बाई काढलेली होती. पुढच्या एका पानावर पुन्हा. मग पुन्हा. "मी उलटं शिवलं तेव्हा ही बाहेरच्या कडेला आली, म्हणून दिसली," अक्का म्हणाल्या. "म्हटलं, ही कोण? नीट लावल्यावर कळलं, ही आत असायला पाहिजे. आता दोरा कडेनं घेतलाय, ती झाकली जाऊ नये म्हणून."

एवढी मतं बाळगून असलेल्या मला जे दहा वाचनांत दिसलं नव्हतं, ते या बाईंना एका चुकीतून दिसलं होतं. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल नुसता आदर वाटला. हेवा नंतर आला.

जयनगरमधल्या एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत रविवारी सकाळी आमचा चित्रकथा वाचणाऱ्यांचा गट जमतो. दहा-बारा जण असतात. कुणी कंप्युटरवाले, एक दातांची डॉक्टर, दोन-तीन कॉलेजची मुलं. बोलणं इंग्रजीत, भांडण हिंदीत, चहा मागवणं कन्नडमध्ये. गटाचा एकच नियम: आधी पान, मग मत. ज्याला काही म्हणायचं आहे त्याने ते पान उघडून मधल्या टेबलावर ठेवायचं आणि मगच तोंड उघडायचं. शिवाय वाचनालयाच्या प्रत्येक भागाच्या शेवटी एक जाड कार्ड चिकटवलेलं असतं. वाचून झालं की त्यावर दोन-चार ओळी मत लिहायचं. नाव लिहायचं नाही, कारण पूर्वी नावं वाचून भांडणं झाली होती म्हणे. त्याऐवजी प्रत्येकाची शाई ठरलेली. डॉक्टरची जांभळी, वाचनालय चालवणाऱ्या काकांची लाल. माझी हिरवी.

अक्कांना मीच तिथे घेऊन गेले. वाचनालयाची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे बांधायला द्यायचं काकांना मीच सुचवलं. दोन्ही उपकार मी मनातल्या मनात माझ्या खात्यावर मांडून ठेवले होते. रविवारी मी जे. पी. नगरमधल्या माझ्या घरून आधी चामराजपेटला जायचे, म्हणजे सरळ वाट सोडून लांबचा फेरा. अक्कांकडे उप्पिट खायचं आणि मग दोघींनी बसने जयनगर गाठायचं. बसमध्ये त्या मांडीवर पुस्तक उघडून मला सांगायच्या, ह्या चित्रकारानं इथं कोरं पान का सोडलं, ह्या चौकटीला कड का नाही, ही म्हातारी नेहमी पानाच्या खालच्या कोपऱ्यात का. त्यांचं वाचणं हाताचं होतं. पानाचं वजन, घडी, कड, शिवण यांतून त्या गोष्टीत शिरायच्या.

पहिल्या काही रविवारी मी प्रामाणिक होते. पान उघडायचे आणि इंग्रजीत सांगायचे, "अक्कांचं म्हणणं असं आहे की." सगळे अक्कांकडे बघायचे, अक्का पदर सारखा करायच्या, बरं चाललं होतं. मग कधीतरी घाईत ते "आम्हाला असं वाटतं" झालं. त्यात खोटं काही नव्हतं, बसमध्ये मीही माना डोलावल्या होत्याच. आणि एका रविवारी अक्का सर्दीने आल्या नाहीत, तेव्हा मी म्हणाले, "मला असं वाटतं." कुणीतरी म्हणालं, वा, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. ते 'वा' मला फार गोड लागलं. पुढच्या रविवारी अक्का शेजारी बसलेल्या असतानाही मी "मला" म्हणाले. इंग्रजी त्यांना कुठे एवढं कळतंय, असं मी स्वतःला सांगितलं. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती. तिचा प्रत्यक्षात उपयोग करायला बंगळूरला यावं लागलं.

कार्डांचंही तेच. अक्का म्हणायच्या, "तूच लिही गं, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय." मी लिहायचे, हिरव्या शाईत. त्यांच्या ओळींसाठी दुसरं पेन घ्यायला किती वेळ लागतो? पण ते मी कधी घेतलं नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट मात्र वेगळीच आहे, आणि ती आठवली की आजही मी जिथे असेन तिथे मान खाली घालते. एकदा डॉक्टरने थेट अक्कांना कन्नडमध्ये विचारलं की, तुम्हाला हा भाग कसा वाटला. अक्कांचा चेहरा उजळला. त्यांनी पुस्तक ओढलं, पान शोधलं, नियमाप्रमाणे टेबलावर ठेवलं आणि कन्नडमध्ये बोलायला सुरुवात केली. इतके महिने माझ्या डोक्यात आलंच नव्हतं की त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना कन्नड येतं आणि अक्कांना माझी गरजच नाही. आलं नव्हतं, की मी येऊ दिलं नव्हतं? अक्कांची दोन वाक्यं होतात न होतात तोच मी म्हणाले, "थांबा, मी नीट समजावते," आणि ते मत इंग्रजीत पुरं करून टाकलं. डॉक्टर माझ्याकडे वळली. मग बाकीचेही वळले. अक्कांनी पुस्तक मिटलं आणि पिशवीतून कोडबळ्यांचा, म्हणजे इकडच्या कडबोळ्यांचा, डबा काढून सगळ्यांना वाटायला सुरुवात केली.

त्यानंतर त्या दर रविवारी कोडबळे आणायच्या. गटात त्यांची ओळख तीच झाली.

मागच्या वर्षी चित्रकला शिकणाऱ्या काही मुलांनी मला बोलायला बोलावलं. चित्रकथेतल्या दोन पानांमधली जागा, असा विषय. तो मीच सुचवला होता. अर्धा तास इंग्रजीत बोलले. भांडलेल्या बहिणी, शिवणीतली आई, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले की, वाचक प्रेमाने ते पान दाबून उघडतात आणि म्हणून ही पुस्तकं नेमकी तिथेच मोडतात. टाळ्या झाल्या. मग एका मुलीने विचारलं, "असं बघायला तुम्ही कुठे शिकलात?"

अक्का दुसऱ्या रांगेत होत्या. मी बोलावलं नव्हतं. कुणाकडून तरी कळलं म्हणून दुकान बंद करून, चांगली रेशमी साडी नेसून आल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. उत्तर एका शब्दाचं होतं आणि ते समोर बसलं होतं. मी म्हणाले, "हळूहळू, बघत बघत."

बाहेर आल्यावर अक्का म्हणाल्या, "छान बोललीस. फकत एक चुकलं. पुस्तक दाबल्यानं मोडत नाही. तेच पान पुन्हा पुन्हा उघडल्यानं मोडतंय." आणि त्या रिक्षा करून निघून गेल्या. म्हणजे त्यांना सगळं इंग्रजी कळलं होतं, शेवटच्या वाक्यापर्यंत.

पुढच्या रविवारी बसमध्ये मी विचारलं, "अक्का, हा भाग कसा वाटला?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तू सांग आधी." त्यानंतरच्या रविवारीही तेच. मग त्यांनी येणंच थांबवलं. दुकानात काम फार आहे, असा निरोप आला. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे मला त्या निरोपाच्या प्रत्येक शब्दात टोमणा दिसत होता. खरं तर टोमणे मारायचा अक्कांचा स्वभावच नाही, आणि त्यामुळे ते जास्त टोचत होतं.

महिनाभराने मी दुकानात गेले. अक्का वाचनालयाचा गठ्ठा बांधत होत्या. माफी मागायची वाक्यं मी बसमध्ये पाठ केली होती. त्यांनी ती पुरी करू दिली नाहीत.

"हे बघ," त्या म्हणाल्या. पुस्तक नव्याने बांधताना शेवटचं पान बदलावं लागतं. जुन्या पानावरचं कार्ड पाण्याचा हात लावून हळूच सोडवायचं, वाळवायचं आणि नव्या पानावर चिकटवायचं. दोऱ्यावर आठ-दहा कार्डं वाळत होती. सगळ्यांवर माझी हिरवी शाई. "दोन वर्षं झाली, ही सगळी कार्डं मीच सोडवतीय आणि मीच चिकटवतीय. हळूहळू वाचते, पण वाचते की गं. माझंच बोलणं. पहिल्यांदा वाटलं, विसरली असशील."

मला खाली बसावंसं वाटलं, पण बसायला फायलींशिवाय जागा नव्हती. हे मला कसं सुचलं नाही? पुस्तकं त्यांच्याकडे जातात, कार्डं पुस्तकांत असतात. चोरीचा माल मी दर महिन्याला मालकिणीच्याच घरी पोचवत होते, वर तिला काम मिळवून दिल्याचं समाधान मानत होते.

"मग तुम्ही मला सांगत का राहिलात?" मी विचारलं.

"वाट बघत होते," अक्का म्हणाल्या. "म्हटलं, एखाद्या वेळेला दुसरं पेन घेशील. मोठी गोष्ट नाही. दुसरं पेन." आणि त्यांनी पुढचं कार्ड दोऱ्यावर टाकलं. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या रविवारी मी गटात सगळं सांगितलं. टेबलावर पान उघडून ठेवलं, शिवणीतल्या आईचं, आणि म्हणाले की हे मत माझं नाही, अक्कांचं आहे, आणि याआधीचीही बरीचशी त्यांचीच आहेत. मला वाटलं होतं, लोक चिडतील. कुणी चिडलं नाही. एक जण म्हणाला, "कोडबळेवाल्या अक्का? अरे वा, त्यांना घेऊन ये ना पुन्हा." दुसऱ्याने विचारलं की कोडबळेही आणतील का, आणि सगळे हसले. दोन वर्षं अक्का त्या खोलीत होत्या, आणि त्यांची एवढीच आठवण शिल्लक राहिली होती. ती तेवढीच राहावी याची व्यवस्था मी स्वतः केली होती. फक्त डॉक्टर हसली नाही. ती त्या कन्नडमधल्या दोन वाक्यांबद्दल विचार करत असावी, कारण तिने नंतर जिन्यात मला विचारलं, "त्या दिवशी त्यांचं बोलणं पुरं झालं नव्हतं, ना?" मी म्हणाले, "नव्हतं."

मग मी निळं पेन घेऊन कार्डं दुरुस्त करायला बसले. ज्या ओळी अक्कांच्या, त्यांच्याखाली निळी रेघ. पहिल्या तीन-चार पुस्तकांत जमलं. पुढे ओळी वाचून मला कळेना की हे त्या म्हणाल्या होत्या की मी. शेवटी सगळ्याच हिरव्या ओळींखाली रेघा ओढल्या. एखाद-दुसरं वाक्य माझं असेलही, पण त्याच्यावर हक्क सांगायला जीभ रेटेना.

न्हाणीघराच्या मालिकेचा शेवटचा भाग या पावसाळ्यात वाचनालयात आला. मी तो घेऊन चामराजपेटला गेले. गटात यायला अक्का अजून तयार नाहीत. डॉक्टर दोनदा त्यांच्या दुकानात जाऊन बसून आली, कन्नडमध्ये गप्पा मारून आली, आणि मला त्याचा आनंद झाला असं लिहायला हवं. झाला, पण त्याच्याखाली थोडं दुखलंही. अक्कांनी पुस्तक दोन दिवस ठेवून घेतलं. परत गेले तेव्हा त्यांनी नवं कोरं कार्ड कापून ठेवलं होतं आणि कानामागे खुणा करायची निळी पेन्सिल होती.

"तुम्हाला कसा वाटला?" मी विचारलं.

"तू सांग आधी," त्या म्हणाल्या. "मी लिहिते."

मी पुस्तक उघडलं. न्हाणीघर बंद पडतं, धाकटी बहीण गाव सोडते, थोरली दाराला कुलूप लावते. मी शिवणीत पाहिलं, आई दिसते का म्हणून. मग लक्षात आलं की मी अक्कांच्या डोळ्यांनी शोधते आहे, आणि थांबले. पुन्हा पहिल्यापासून पानं उलटली. अक्का घाई करत नव्हत्या. दुकानात एक गिऱ्हाईक येऊन गेलं. शेवटी मी एका पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले की, निघताना धाकटी चपला तिथेच विसरते ते मला आवडलं, कारण मीही घरून निघताना माझ्या विसरले होते आणि आईने त्या अजून दारात ठेवल्या आहेत. एवढंच. त्यात शिवण नव्हती, कोरं पान नव्हतं, गटात कुणी 'वा' म्हणालं नसतं.

अक्कांनी मान हलवली आणि कार्डावर कन्नड लिपीत लिहायला घेतलं. मराठी वाक्यं, कन्नड अक्षरं, सावकाश, एकही शब्द न गाळता. मला कन्नड वाचता येतं ते बसच्या पाट्यांपुरतं. तरी शेवटची ओळ मला लागली, कारण ऑफिसात माझ्या दारावरच्या पाटीवर ती मी रोज बघते. नियम मोडून त्यांनी मताखाली माझं नाव घातलं होतं.

"नाव लिहायचं नसतं अक्का," मी म्हणाले.

"तुझं मत आहे," अक्का म्हणाल्या. "मग नाव नको?" आणि त्यांनी कार्डाला मागून खळ लावली.